बिनकिल्लीची कुलपं आणि अक्कांचे हात

परवा तुमचा तेरावा झाला, अक्का. फोटोला हार होता, समई होती, नैवेद्याचं ताट होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध दादांनी, माझ्या थोरल्या दिरांनी, स्वतःच्या हातानं आणून ठेवलेली वेताची परडी. परडीत तुमची कुलपं. काही पितळी, काही लोखंडी, एक तर कडी तुटलेलं. मी दादांना हळूच म्हटलं, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, "म्हणू दे. तिची हायेत." आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

लोक म्हणालेच. गंगापूरच्या आत्याबाई फोटोला फूल वाहता वाहता थांबल्या. "ही कुलपं कशाला गं हितं?"

"अक्कांचा छंद होता, आत्याबाई."

"कुलपं गोळा करायचा?"

"गोळा करायचा नाही. उघडायचा. किल्लीशिवाय."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, फोटोतल्या तुमच्याकडं बघितलं, आणि कमरेचा बटवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवला. तुम्ही तिथं असता तर पदर तोंडाला लावून आत पळाला असता. मलाही हसू आलं, आणि मग असं वाटलं की आता हे सांगायचं कुणाला.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. जेवणं झाल्यावर त्याच आत्याबाई स्वयंपाकघरात बायकांना सांगत होत्या, "कुलपांच्या नादापायी दवापाणी सोडलं बाईनं. नायतर आज बसली असती आपल्यात." मी पातेली काढत होते. हातातली पळी तशीच राहिली. एरवी मी कुणाचं ऐकून घेते का? तुमच्या धाकट्या जावेच्या तोंडाला लागू नये, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी पातेली घेऊन मोरीवर गेले. कारण आत्याबाई जे आता बोलल्या, तेच मी तुम्हाला तुमच्या तोंडावर, भर रिक्षात बोलले होते. आपलं ते भांडण मिटलं, पण संपलं नाही. तुमचे हात परत आले होते की नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते अडून राहिलं होतं. म्हणून आज लिहायला बसलेय.

तुमच्या हातांची गोष्ट मला पहिल्यापासून सांगू द्या. मी लग्न होऊन सिडकोतल्या या घरात आले तेव्हा तुम्ही वर राहायचात आणि आम्ही खाली. तुमच्या शिलाई मशीनचा आवाज दिवसभर जिन्यातून खाली यायचा. अर्ध्या कॉलनीचे ब्लाउज तुम्ही शिवलेत. कापड नुसतं चिमटीत धरून तुम्ही सांगायचात, हे धुतल्यावर आटणार, याला अस्तर लागणार. दुकानदार काही का म्हणेना, तुमची चिमटी खरी.

मग गाठीचा आजार आला, ऑपरेशन झालं, सुटलो असं वाटलं, आणि दोन वर्षांनी तो पुन्हा उलटला. नव्या औषधाच्या सलाइन सुरू झाल्या आणि तुमची बोटं बधिर होत गेली. आधी नुसत्या मुंग्या, नंतर काहीच नाही. "हातमोजे घातल्यावानी वाटतंय गं," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, होईल बरं. एके दिवशी शेजारच्या काकूंचा मोतिया रंगाचा ब्लाउज तुम्ही मला दाखवायला खाली आणला. बाहीच्या काठावर लाल ठिपके होते. मला वाटलं नक्षी आहे. तुम्ही बोट पुढं केलं. सुई टोचून रक्त आलं होतं आणि तुम्हाला ते कापडावर दिसेपर्यंत कळलंच नव्हतं. तुम्ही ब्लाउज स्वतःच थंड पाण्यात भिजवला, मशीनवर झाकण घातलं, आणि पुन्हा ते काढलं नाहीत.

दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम सांगितला होता. बोटांना बारीक काम द्या, डाळीत राजमा मिसळा आणि वेगळा करा. तुम्हाला त्याचा केवढा राग आला! "मला काय बालवाडीत घातलंय का?" राजम्याची तुम्ही उसळ करून टाकलीत.

कुलपांचं वेड लागलं ते सलाइनच्या खुर्चीत. तुमच्या एका हाताला नळी, दुसऱ्या हातात माझा मोबाइल. रांगोळीचे व्हिडिओ बघता बघता मध्येच कुठला तरी परदेशी माणूस आला. टेबलावर कुलूप, हातात दोन काड्या. त्यानं डोळे मिटले, थोडा वेळ काहीतरी चाचपलं आणि कुलूप टक्कन उघडलं. मी तो व्हिडिओ पुढं सरकवायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात.

"थांब. त्यानं डोळं झाकलं होतं, बघितलंस का?"

"चोर असेल."

"चोर कशाला दाखवंल जगाला? आपलंच कुलूप उघडून बसलाय बिचारा." मग तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा लावलात. "मंगल, ह्ये डोळ्याचं काम नाय. ह्ये निव्वळ बोटाचं काम हाय."

मला वाटलं, घरी जाईपर्यंत विसराल. तुम्ही जिना चढता चढताच आमच्या ह्यांना हाक मारलीत. हे वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये, हत्यारं घडवायच्या कामावर. पहिल्या पाळीची बस गाठून पहाटे गेलेले, ते नुकतेच दमून आले होते. "भाऊजी, मला दोन काड्या घासून द्या." काय हव्यात ते ऐकून हे म्हणाले, "वहिनी, पोलीस येतील घरी." पण वहिनींचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. करवतीच्या तुटक्या पात्याची, पुढं किंचित वळलेली एक काडी त्यांनी घासून आणली. गाडीच्या जुन्या वायपरमधून पोलादी पट्टी काढून तिचं टोक वाकवून दिलं. त्या पट्टीला तुम्ही 'दाब' म्हणायला लागलात. काडीला काडीच.

आपण दोघीही अडाणी. काचेसारखं आरपार दिसणारं एक शिकाऊ कुलूप मोबाइलवरून मागवलं तेव्हा कुठं आतला कारभार कळला. आत एका ओळीत बारक्या खुंट्या, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. किल्लीचे दात प्रत्येक खुंटीला तिच्या तिच्या उंचीवर उचलतात, सगळ्या जागेवर आल्या की मधला पितळी गाभा फिरतो. किल्ली नसेल तर दाबानं गाभ्यावर जरासा ताण ठेवायचा आणि काडीनं एकेक खुंटी उचलून बघायची. त्यातली एकच अडलेली असते. तीच आधी बसवायची, ती बसली की बारीकशी टक् जाणवते. मग पुढची अडते. सांगायला सोपं आहे. त्या आरपार कुलपावर मला जमलंही. खऱ्या कुलपात मात्र मी तासभर खुपसत बसले आणि शेवटी काडी वाकवून टाकली.

"लई दाब देतीस," तुम्ही म्हणालात. "सगळ्या खुंट्या एकदम धरून बसतात मग. कमी कर. आणखी कमी. शिवताना धागा किती ओढायचा असतो? तेवढाच."

आणि तुमची गंमत उलटी. आतलं चित्र तुमच्या डोक्यात पक्कं, पण बोटांना टक् कळत नव्हती. तुम्ही काडी धरलीत की ती निसटायची, आणि निसटली हेसुद्धा तुम्हाला बघून कळायचं. दोन दिवस तुम्ही रुसून बसलात. तिसऱ्या दिवशी खाली आलात, कुलूप माझ्या हातात दिलंत, समोर बसलात आणि डोळे मिटलेत. "तुझी बोटं, माझं डोकं. काय लागायलंय ते सांग."

अक्का, असं मला आयुष्यात कुणी कधी विचारलं नव्हतं. काय लागतंय ते सांग! मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला शब्दच नाहीत. "ही जरा घट्ट आहे." "घट्ट म्हंजे? बरणीच्या झाकणावानी का ओल्या दोरीच्या गाठीवानी?" असं आपलं चालायचं. तुम्ही खोदून खोदून विचारायचात आणि मी चिडायचे, पण माझी बोटं हळूहळू शहाणी होत गेली. भरल्या वांग्याला फोडणी देऊन मी बसले होते, करपायचा वास येत होता, आणि तुम्ही म्हणत होतात, "आता चौथी. हलकंच. हलकंच गं." कुलूप उघडलं. आपण दोघी ओरडलो. वांगं गेलं कामातून. हे रात्री उघडलेलं कुलूप ताटाशेजारी ठेवून वरण-भात जेवले.

मग छावणीच्या आठवडी बाजारातल्या आपल्या फेऱ्या. जुन्या हत्यारांच्या ढिगापाशी बसणाऱ्या त्या चाचांकडं तुम्ही बिनकिल्लीची कुलपं मागितलीत. त्यांना वाटलं, आपल्या दोघींची काही गफलत होतेय. बहिणीला समजवावं तसं म्हणाले, "किल्लीवाला देतूं ना बाजी, ये तो भंगार है." "नको, हमकू बिगर किल्ली का च होना." चाचा कपाळाला हात लावून हसले. पुढच्या वेळेपासून ते आपल्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले. कधी आपल्याला घाई असायची, तरी तुम्ही त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय उठला नाहीत.

छंदाचे नेम तुम्हीच केलेत, व्हिडिओतल्या त्या माणसाचं ऐकून. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे रोजच्या वापरात आहे त्यावर शिकायचं नाही. पहिला नेम तुम्ही मरेपर्यंत पाळलात. कॉलनीत बोभाटा झाल्यावर मागच्या गल्लीतल्या बाई आल्या होत्या, सुनेचं कपाट उघडून द्या म्हणून. सून माहेरी गेलेली. तुम्ही चहा केलात, बिस्किटं दिलीत आणि म्हणालात, "ती आल्यावर तिच्याकडनंच उघडून घ्या." बाई तणतणत गेल्या. मी म्हटलं, एवढं काय, उघडून पुन्हा लावलं असतं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी कपबश्या उचलून मोरीत गेले.

दुसरा नेम आपण मोडला, तोही माझ्या हट्टापायी. गच्चीच्या दाराचं कुलूप खोलून आत बघू या, असं मीच म्हटलं. मी तूरडाळ निवडत होते, तुम्ही शेजारी. गाभा बाहेर ओढला आणि सगळ्या खुंट्या, स्प्रिंगा टणटण उडून डाळीच्या ताटात. आपण डाळ चाळणीनं चाळली, मग बोटांनी चाळली. दोनच खुंट्या सापडल्या, बाकीच्या सापडल्याच नाहीत. त्याच घालून कुलूप बसवलं, किल्ली फिरली, आपण सुटलो. नंतर कितीतरी दिवस दादा वरण खायला लागले की आपण दोघी त्यांच्या दातांकडं बघायचो. आणि इकडं दादांचं वेगळंच चाललेलं. एकदा त्यांनी चुकून गावाकडच्या घराची किल्ली लावली आणि गच्चीचं दार उघडलं. मग स्कूटरची लावली, तरी उघडलं, कारण अडवायला आत खुंट्याच उरल्या नव्हत्या. माणूस बिचारा आठवडाभर गप्प. आपलं डोकं फिरलंय असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "डोक्याचा डॉक्टर कुठं बसतो रे?" त्या दिवशी तुम्ही हसून हसून जमिनीवर बसलात. आजारपणात मी तुम्हाला एवढं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

आता रिक्षातलं.

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. आजार आता जाणार नाही, औषधानं काही काळ रोखून धरता येईल, असं ते म्हणाले. तुम्ही बोटांचं विचारलंत. औषध कमी करता येईल, बदलताही येईल, पण बधिरपणा जाईलच असं सांगता येत नाही, थांबवलं तर हळूहळू कदाचित. तुम्ही मान हलवलीत, जणू ब्लाउजचं माप घेतलंत. आणि बाहेर येऊन, रिक्षा जालना रोडला लागल्यावर म्हणालात, "मी आता सलाइन घेणार नाय."

मी भडकले. पुण्याला तुमच्या लेकाला काय सांगू, दादांकडं बघा, नातीकडं बघा, जे तोंडाला आलं ते बोलले. आणि शेवटी ते वाक्य. "कुलपं उघडायला बोटं पाहिजेत म्हणून जीव देता का, अक्का?" रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

तुम्ही तुमची बोटं माझ्यापुढं धरलीत. मग म्हणालात, "कुलपासाठी नाय गं. नातीच्या डोक्यावरनं हात फिरवला तर केस हायेत का कापड हाय, मला कळंना. भाकरी थापताना पीठ कळंना. तुझ्या दादाचा हात धरला तर लाकूड धरल्यावानी वाटतंय. असं मला लई दिस नको. थोडं दे, पर हाताला कळू दे." आणि मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात, "लई दाबायलीस मंगल. सोड थोडं."

मी सोडलं नाही. तुमच्या लेकाला फोन केला, दादांना भरीला घातलं, ह्यांना तुमच्याकडं पाठवलं. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि पुढच्या तारखेला दवाखान्यात गेला नाहीत. मी चार-सहा दिवस वर आले नाही. मग एका दुपारी जिन्यातून तुमची हाक आली, "अगं, नवं कुलूप पडलंय हितं. काय लागतंय ते कोण सांगणार?" मी आले. आपण बसलो. त्या विषयावर पुन्हा कुणी काही बोललं नाही.

बरेच महिने गेले. तुम्ही बारीक होत गेलात, पण जेवण जरा गोड लागायला लागलं. दिवाळीच्या थोडं आधी तुम्ही जिन्याच्या तोंडाशी येऊन मला ओरडून बोलावलंत. हातात उघडं कुलूप. "मी उघडलं. माझं मी. तिसरी खुंटी कळली मला!" मी म्हटलं, अरे वा! आणि मनात म्हटलं, हे कुलूप तर नुसतं काडी फिरवून हलवलं तरी उघडतं. पुढं दौलताबादच्या रस्त्याला गाडी थांबवून तुम्ही सीताफळं निवडलीत, अंगठ्यानं दाबून दाबून. घरी आल्यावर सगळी पिकलेली निघाली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हटलं, विकणारी बाई चांगली होती, पिकलेलीच लावली होती तिनं.

"तुला खरं वाटंना," तुम्ही म्हणालात.

"वाटतं की."

"नाय वाटत." आणि तुम्ही सीताफळाची बी ताटलीत टाकलीत. रागावला नाहीत. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही म्हणताय, असंच मी धरून चालले होते. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना बरं वाटावं म्हणूनच बोलत आलात. सासूबाईंची चटणी जळजळीत असली तरी 'झकास' म्हणायचात. मग बोटांचं तरी खरं कशावरून? आणि बोटं आली नसतील, तर औषधानं मिळाले असते ते महिने तुम्ही कशासाठी सोडून दिलेत? हा हिशोब मी रोज रात्री भांडी घासताना मनात करायचे आणि तो कधी सुटायचा नाही. एवढ्या जवळच्या बाईवर विश्वास ठेवायला मला पुरावा लागत होता, अक्का. माझा स्वभावच तसला.

शेवटच्या आठवड्यात तुमची खाट खिडकीशी घेतली होती. थंडीचे दिवस, दुपारी तिथं ऊन यायचं. दुखण्याच्या औषधानं तुम्ही बहुतेक वेळ डोळे मिटून असायचात. कोण आलं, कोण गेलं, कळायचं की नाही कुणास ठाऊक. त्या दुपारी दादांना जेवायला खाली पाठवून मी तुमच्याजवळ बसले होते. तुम्ही डोळे न उघडता हात चाचपत पुढं केलात. मी माझा हात दिला. तुमचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, मग एकेका बोटावरून, अगदी सावकाश. मधल्या बोटाच्या कडेशी येऊन थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच आला.

"ह्ये काय झालंय गं हितं?"

"कुठं?"

"हितं. घट्टा पडायलाय बघ. काडी टेकती तिथं."

मला काहीच माहीत नव्हतं. तुमच्या हातातून बोट सोडवून मी खिडकीच्या उजेडात धरलं. दिसेना. वळवून, तिरकं करून बघितलं तेव्हा मोहरीएवढी कातडी जराशी चकाकलेली दिसली. माझ्या स्वतःच्या बोटावरचा घट्टा, जो मला डोळ्यांनी धड दिसत नव्हता, तो तुम्हाला मिटल्या डोळ्यांनी कळला होता. हात परत आले होते, अक्का. केव्हाचे आले होते. नातीचे केस, भाकरीचं पीठ, दादांचा हात, सगळं तुम्हाला कळत होतं, त्या सगळ्या महिन्यांत, आणि तुम्ही मला खरंच सांगत होतात.

 आत्याबाईंना मी आता सांगू शकेन, फोन करून सांगेनच. पण त्या दुपारी सांगायचं होतं तुम्हाला. तुमचं बरोबर होतं, मी उगीच भांडले, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही जाग्या होतात, माझं बोट पुन्हा मुठीत धरून ऐकायला तयार होतात, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आणि मी नुसतं चहाचं विचारलं.